अटींपलीकडची मान्यता

एखाद्या समाजाला राज्य म्हणून मान्यता देणे म्हणजे त्या समाजाविषयीच्या सत्याचा स्वीकार करणे, की मान्यता देणाऱ्याने आपल्या मर्जीने केलेले दान, हा प्रश्न आंतरराष्ट्रीय कायद्याच्या ग्रंथांत दीर्घकाळ चर्चिला गेला असला, तरी त्याचे मूळ कायद्यात नसून तत्त्वज्ञानात आहे. बेल्जियमच्या सरकारने २ सप्टेंबर २०२५ रोजी पॅलेस्टाईनविषयी जी भूमिका जाहीर केली, तिच्यामुळे हा जुना प्रश्न अत्यंत टोकदार रूपात पुन्हा उभा राहिला. पॅलेस्टाईनला मान्यता देण्याचा राजकीय निर्णय झाला आहे, परंतु तो अमलात आणणारा शाही आदेश गाझातील शेवटचा ओलीस सुटल्यावर आणि हमासची पॅलेस्टाईनच्या कारभारातील भूमिका संपल्यावरच निघेल, असे परराष्ट्रमंत्री माक्सिम प्रेव्हो यांनी सांगितले. त्याच महिन्यात ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, पोर्तुगाल आणि फ्रान्स यांनी मान्यता दिली, आणि मान्यता देणाऱ्या देशांची संख्या संयुक्त राष्ट्रांच्या १९३ सदस्यांपैकी १५७ पर्यंत पोहोचली. बेल्जियम मात्र 'मान्य आहे, पण अद्याप नाही' अशा उंबरठ्यावर थांबला. या उंबरठ्यावर थांबणे तत्त्वतः समर्थनीय नाही, आणि बेल्जियमने तो शाही आदेश कोणत्याही अटीविना काढला पाहिजे, हे येथे मांडायचे आहे.

भारतीय दर्शनपरंपरेत या प्रश्नाकडे पाहण्यासाठी एक नेमके साधन उपलब्ध आहे. ब्रह्मसूत्रांवरील भाष्यात शंकराचार्यांनी क्रिया आणि ज्ञान यांच्यात मूलभूत भेद केला. क्रिया 'पुरुषतंत्र' असते, म्हणजे ती कर्त्याच्या इच्छेच्या अधीन असते आणि म्हणूनच ती करता येते, न करता येते किंवा वेगळ्या रीतीनेही करता येते. ज्ञान मात्र 'वस्तुतंत्र' असते, म्हणजे ते ज्ञेय वस्तूच्या स्वरूपावर अवलंबून असते आणि पाहणाऱ्याच्या इच्छेला तेथे काहीही वाव नसतो. समोर लाकडाचा खुंट उभा असेल, तर तो खुंट आहे की माणूस, हे पाहणाऱ्याच्या सोयीने ठरत नाही. हा भेद मोक्षशास्त्राच्या संदर्भात केलेला आहे आणि त्याला राजनीतीत ओढून आणण्यात काही जोखीम आहे, हे खरे. तरीही मान्यतेच्या प्रश्नात नेमके हेच विचारायचे आहे, की 'अमुक राज्य आहे' हे विधान खुंटाविषयीच्या विधानासारखे आहे, की यज्ञ करावा किंवा न करावा या निर्णयासारखे.

आंतरराष्ट्रीय कायद्यातील दोन प्रमुख मते याच दोन बाजूंना उभी आहेत. पहिले मत असे, की इतर राज्यांनी मान्यता दिल्याखेरीज एखादे राज्य कायद्याच्या दृष्टीने अस्तित्वातच येत नाही. मान्यताच राज्य घडवते. याला निर्माणवादी मत म्हणता येईल. दुसरे मत असे, की स्थायी लोकसंख्या, निश्चित भूभाग, शासनसंस्था आणि इतर राज्यांशी संबंध राखण्याची क्षमता ही लक्षणे जिथे आहेत तिथे राज्य आहेच, आणि मान्यता केवळ त्या वस्तुस्थितीची दखल घेते; हे घोषणावादी मत. अमेरिका खंडातील राज्यांनी २६ डिसेंबर १९३३ रोजी माँटेव्हिडिओ येथे केलेल्या कराराने दुसऱ्या मताचा पुरस्कार केला आणि ही चार लक्षणे तेथेच नोंदवली गेली. त्या कराराचे पहिले कलम प्रत्येक अभ्यासक सांगतो. त्याच्या सहाव्या कलमाकडे मात्र फारसे लक्ष दिले जात नाही. राज्याची मान्यता विनाशर्त असते आणि ती मागे घेता येत नाही, असे ते कलम स्पष्ट सांगते. करार अमेरिकी राज्यांपुरता असल्याने बेल्जियमवर तो बंधनकारक नाही. परंतु त्यातील तर्क भौगोलिक सीमा मानणारा नाही: जे आहे ते आहे असे म्हणणाऱ्याने 'पण अमुक घडले तरच आहे' असे पुढे जोडणे म्हणजे पहिलेच वाक्य मागे घेणे होय.

या दोन मतांच्या मध्ये तिसरा मार्ग शोधणारे विधिज्ञ हेर्श लाउटरपाख्त यांचा येथे आवर्जून उल्लेख केला पाहिजे. गॅलिशियातील यहुदी कुटुंबात जन्मलेल्या आणि नाझी संहारात आपले जवळजवळ सारे आप्त गमावलेल्या या विद्वानाने १९४७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मान्यता ही कृती असली तरी ती मर्जीची कृती नाही, असे प्रतिपादन केले. राज्यत्वाची लक्षणे पूर्ण होताच मान्यता देणे हे इतर राज्यांचे कर्तव्य ठरते. मीमांसेची परिभाषा वापरायची तर ही कृती 'काम्य' नव्हे, म्हणजे एखादे फळ हवे असेल तर करावी आणि नको असेल तर सोडावी अशी नव्हे. ती 'नैमित्तिक' आहे, म्हणजे निमित्त उपस्थित झाले की करावीच लागते आणि न केल्यास दोष लागतो. अट घालणारे सरकार नैमित्तिक कर्माचे काम्य कर्मात रूपांतर करते. मान्यता हे काहीतरी मिळवण्याचे साधन बनते, आणि ज्याला मान्यता द्यायची त्याचा हक्क दुसऱ्याच्या सौद्यातील वस्तू होतो. लाउटरपाख्त यांचे मत राज्यांच्या प्रत्यक्ष व्यवहारात सर्वमान्य झाले नाही, कारण राज्यांना आपली मर्जी प्रिय असते; पण एखादे कर्तव्य फार थोडे लोक पाळतात म्हणून ते कर्तव्य राहत नाही, असे कोणतेही नीतिशास्त्र सांगत नाही.

बेल्जियमच्या अटी या कसोटीवर तपासताना आधी एक गोष्ट निःसंदिग्धपणे नोंदवली पाहिजे. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासच्या नेतृत्वाखाली झालेल्या हल्ल्यात सुमारे १,२०० माणसे मारली गेली आणि २५१ जणांना ओलीस म्हणून गाझात नेण्यात आले. हा अपराध कोणत्याही मुक्तिलढ्याच्या नावाखाली क्षम्य ठरत नाही, आणि ओलिसांना सोडवण्याची मागणी पूर्णपणे न्याय्य होती. गाझातील आरोग्य मंत्रालयाच्या नोंदीनुसार त्यानंतरच्या युद्धात सप्टेंबर २०२५ पर्यंत ६५,००० हून अधिक पॅलेस्टिनी मारले गेले, आणि हाही अपराध आत्मरक्षणाच्या नावाखाली झाकला जात नाही. प्रश्न ओलिसांची सुटका व्हावी की नाही हा कधीच नव्हता. ओलीस ठेवणारे एक, त्यांच्या कृत्याला विरोध करणारे रामल्लातील पॅलेस्टिनी प्राधिकरण दुसरे, आणि राज्याचा ज्यांना हक्क आहे ते गाझा, पश्चिम किनारा व पूर्व जेरुसलेममधील लोक तिसरे. असे असताना पहिल्याच्या कृतीवर तिसऱ्याचा हक्क टांगून ठेवणे न्याय्य कसे, हा प्रश्न होता. तुरुंगाची किल्ली ज्याच्याकडे नाही त्याच्यावर दार उघडण्याची अट घालण्याने काय साधते? विलक्षण गोष्ट अशी, की हमासला पॅलेस्टाईनच्या राज्यत्वाविषयीचा नकाराधिकार या अटीनेच बहाल केला. त्याने ओलीस सोडले नाहीत तर राज्य नाही, त्याने सत्ता सोडली नाही तरीही राज्य नाही, अशी रचना करून, ज्या संघटनेला बाजूला सारायचे तिच्याच हाती संपूर्ण समाजाचे भवितव्य सोपवले गेले. १३ ऑक्टोबर २०२५ रोजी शस्त्रसंधीनंतर जिवंत ओलीस परतले, तरी दुसरी अट उरलीच.

ब्रिटनने २९ जुलै २०२५ रोजी जी अट जाहीर केली होती, तिची दिशा याच्या नेमकी उलट होती आणि म्हणून ती तात्त्विकदृष्ट्या अधिक बोधप्रद आहे. पंतप्रधान किअर स्टार्मर यांनी सांगितले, की इस्रायलने गाझातील भयावह स्थिती संपवण्यासाठी ठोस पावले उचलली नाहीत, शस्त्रसंधी मान्य केली नाही आणि द्विराज्य तोडग्याच्या दिशेने दीर्घकालीन शांततेची हमी दिली नाही, तर ब्रिटन सप्टेंबरमध्ये मान्यता देईल. याचा व्यत्यास मांडून पाहिला की त्यातील विसंगती उघड होते: इस्रायलने चांगले वागून दाखवले असते, तर पॅलेस्टिनींच्या हक्काची मान्यता लांबणीवर पडली असती. हक्क पॅलेस्टिनींचा, पण तो इस्रायलला दाखवण्याचा धाक म्हणून वापरायचा, आणि धाक लागू पडला तर तो पुन्हा म्यान करायचा. बेल्जियमने पॅलेस्टिनींचा हक्क हमासच्या हाती दिला, तर ब्रिटनने तो इस्रायलच्या हाती दिला. दोन्ही ठिकाणी तो पॅलेस्टिनींच्या हाती नव्हता. २१ सप्टेंबरला ब्रिटनने अखेर मान्यता दिली, हे योग्यच झाले.

पात्रता सिद्ध केल्यावर हक्क देण्याची ही रीत नवी नाही, आणि तिचा इतिहास भारताच्या इतिहासाशी ज्या ठिकाणी प्रत्यक्ष जोडला गेला आहे ते ठिकाण मराठी वाचकाने जवळून पाहण्यासारखे आहे. २० ऑगस्ट १९१७ रोजी भारतमंत्री एडविन माँटेग्यू यांनी ब्रिटिश संसदेत भारताला टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती देण्याचे धोरण जाहीर केले. प्रत्येक टप्पा केव्हा आणि किती, हे ठरवणारे न्यायाधीश ब्रिटिश सरकार व भारत सरकार हेच राहणार होते, आणि पुढे १९१९ च्या कायद्याच्या प्रास्ताविकात हा निर्णय केवळ ब्रिटिश संसदेचा ठरला. त्याच ऑगस्ट महिन्यात, स्वतः यहुदी असलेल्या माँटेग्यू यांनी मंत्रिमंडळापुढे एक टिपण ठेवून पॅलेस्टाईनमध्ये यहुद्यांचे राष्ट्रीय घर उभारण्याच्या प्रस्तावाला कडाडून विरोध केला. अशा घोषणेने इतर देशांतील यहुद्यांचे नागरिकत्वच संशयास्पद ठरेल, अशी त्यांची भीती होती. २ नोव्हेंबर १९१७ रोजी बाल्फोर घोषणा तरीही निघाली. तिच्यात पॅलेस्टाईनच्या लोकसंख्येचा सुमारे नऊ-दशांश भाग असलेल्या अरबांचा उल्लेख नावानिशी नाही; ते 'बिगर-यहुदी समुदाय' ठरले आणि त्यांना नागरी व धार्मिक हक्कांचे आश्वासन मिळाले, राजकीय हक्कांचा शब्दही निघाला नाही.

दोन वर्षांनी राष्ट्रसंघाच्या सनदेच्या २२ व्या कलमाने पूर्वीच्या उस्मानी साम्राज्यातील काही समाजांना 'तात्पुरती' मान्यता दिली. हे समाज स्वतंत्र राष्ट्रे म्हणून मानता येण्याइतके विकसित झाले आहेत, मात्र ते स्वतःच्या पायावर उभे राहीपर्यंत एखादी महासत्ता त्यांना प्रशासकीय सल्ला व साहाय्य देईल, असा त्या कलमाचा आशय होता. यातून जी 'अ' वर्गाची आदिष्ट राज्ये, म्हणजे राष्ट्रसंघाच्या आदेशाने महासत्तांच्या देखरेखीखाली ठेवलेले प्रदेश, निर्माण झाली, त्यांत इराक, सीरिया, लेबनॉन, ट्रान्सजॉर्डन आणि पॅलेस्टाईन हे होते. पहिली चारही १९४६ पर्यंत स्वतंत्र झाली. पाचव्याची तात्पुरती अवस्था शतक उलटले तरी संपलेली नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने १७ नोव्हेंबर २०२५ रोजी संमत केलेला ठराव क्रमांक २८०३ वाचताना ही सलगता अंगावर येते: पॅलेस्टिनी प्राधिकरणाच्या सुधारणा नेटाने पार पडल्यावर आणि गाझाचे पुनर्निर्माण पुढे सरकल्यावर स्वयंनिर्णय व राज्यत्वाकडे जाणाऱ्या विश्वासार्ह मार्गासाठी लागणारी परिस्थिती कदाचित जुळून येईल, असे त्यात म्हटले आहे. परिस्थिती जुळेल, तीही कदाचित, आणि ती जुळल्यावरसुद्धा मिळेल तो मार्ग, राज्य नव्हेच. १९१९ सालचे कलम याहून उदार होते.

येथे कोणी म्हणेल, की पॅलेस्टिनी प्राधिकरणाला सुधारणांची गरज नाही काय? गरज आहे, आणि ती तीव्र आहे. महमूद अब्बास २००५ साली अध्यक्षपदी निवडून आले आणि त्यांच्यानंतर त्या पदासाठी निवडणूकच झालेली नाही. विधिमंडळाची शेवटची निवडणूक २००६ मधली. पॅलेस्टिनी लोक स्वतः या कारभाराविषयी जितक्या कडवटपणे बोलतात तितके परके टीकाकारही बोलत नाहीत. महाराष्ट्राने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'आधी सामाजिक की आधी राजकीय' हा वाद पराकोटीच्या तीव्रतेने अनुभवला आहे, आणि त्या अनुभवातून एवढे निश्चित शिकता येते, की समाजाच्या आत सुधारणेचा आग्रह धरणे ही एक गोष्ट आणि तोच आग्रह परक्या सत्तेच्या हाती अट म्हणून सोपवणे ही अगदी दुसरी गोष्ट. सुधारणा पूर्ण झाली की नाही हे ठरवणारा जर तीच सुधारणा अपुरी ठरवण्यात हितसंबंध असलेला असेल, तर ती कधीच पूर्ण होत नाही.

बेल्जियमच्या स्वतःच्या जन्मकथेचा या संदर्भात फारच कमी विचार झाला आहे. ४ ऑक्टोबर १८३० रोजी ब्रुसेल्समधील हंगामी सरकारने नेदरलँड्सपासून स्वातंत्र्य जाहीर केले. त्याच महिन्यात अँटवर्प शहरातील किल्ल्यातून डच सेनापती शासे यांनी शहरावर तोफा डागल्या. लंडनमध्ये जमलेल्या पाच महासत्तांनी २० डिसेंबर १८३० रोजी बेल्जियमचे भावी स्वातंत्र्य तत्त्वतः स्वीकारले, तेव्हा या नव्या राज्याला राजा नव्हता, संविधान अद्याप तयार व्हायचे होते, सीमा ठरलेल्या नव्हत्या, आणि देशाच्या सर्वांत मोठ्या बंदरावर रोखलेल्या तोफांमागे परकी शिबंदी बसलेली होती. लिओपोल्ड पहिला याने २१ जुलै १८३१ रोजी शपथ घेतल्यानंतर काही दिवसांतच डच सैन्य पुन्हा आत घुसले आणि नव्या राज्याचे सैन्य त्याच्यापुढे टिकले नाही. फ्रेंच सैन्य धावून आले म्हणून राज्य वाचले. अँटवर्पचा किल्ला डिसेंबर १८३२ मध्ये, तोही फ्रेंचांनी वेढा घातल्यावर, पडला. लिम्बुर्ग आणि लक्झेंबर्गचा प्रश्न व डच राजाची संमती हे दोन्ही १९ एप्रिल १८३९ च्या लंडन करारापर्यंत लोंबकळत राहिले. सीमा अनिश्चित, भूभागाच्या मोक्याच्या ठिकाणी परके सैन्य, शत्रूची संमती नाही, स्वतःचे संरक्षण स्वतः करण्याची क्षमता नाही: पॅलेस्टाईनच्या राज्यत्वाविरुद्ध आज जे जे आक्षेप घेतले जातात ते सारे १८३१ च्या बेल्जियमला लागू पडत होते. महासत्तांनी बेल्जियमवर कायमच्या तटस्थतेचे बंधन घातले, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. पण ते बंधन राज्याने पुढे कसे वागावे याविषयीचे होते. डच राजा सहमत होईपर्यंत बेल्जियम अस्तित्वातच नाही, असे कोणी म्हटले नाही.

आणि याच राजघराण्याच्या इतिहासात मान्यतेच्या मर्जीची दुसरी टोकाची बाजूही आहे. लिओपोल्ड दुसरा याच्या हाती असलेल्या काँगो संघटनेच्या ध्वजाला अमेरिकेने एप्रिल १८८४ मध्ये मान्यता दिली आणि वर्षभरात युरोपच्या सत्तांनीही तिचे अनुकरण केले. ज्या प्रदेशातील एकाही माणसाला विचारले गेले नव्हते तो राजाची खासगी मालमत्ता असलेले 'राज्य' म्हणून जगाने स्वीकारला, आणि त्या राज्यात रबरासाठी जे अत्याचार झाले ते सर्वश्रुत आहेत. ज्यांना मान्यता हवी होती त्यांची पात्रता कोणी तपासली नाही, कारण मागणारा बलवान होता. बेल्जियमच्या आजच्या पिढीला त्या पापासाठी जबाबदार धरण्याचा येथे हेतू नाही. परंतु पात्रतेची कसोटी केवळ दुर्बलांनाच लावली जाते, हा इतिहासाचा दाखला बेल्जियमइतका जवळून दुसऱ्या कोणालाही ठाऊक नसावा.

अटींच्या बाजूने सर्वांत सबळ पुरावा १६ डिसेंबर १९९१ चा आहे. युरोपीय समुदायाने, ज्यात बेल्जियम होता, सोव्हिएत संघ आणि युगोस्लाव्हियाच्या विघटनातून निघालेल्या राज्यांना मान्यता देण्यासाठी लोकशाही, अल्पसंख्याकांचे हक्क आणि सीमांचा आदर अशा अटी घातल्या होत्या. त्या अटी निदान मान्यता मागणाऱ्याच्या हातातल्या होत्या, हा पहिला फरक. त्यांचे पुढे काय झाले हे अधिक महत्त्वाचे आहे. रोबेर बादँतेर यांच्या अध्यक्षतेखालील विधिज्ञांच्या आयोगाने जानेवारी १९९२ मध्ये मॅसिडोनियाने अटी पूर्ण केल्याचे आणि क्रोएशियाच्या बाबतीत अल्पसंख्याकांच्या तरतुदींत उणीव असल्याचे मत दिले. मान्यता मात्र क्रोएशियाला मिळाली आणि मॅसिडोनिया आपल्या नावाविषयीच्या ग्रीसच्या हरकतीपायी ताटकळला. तटस्थ वाटणाऱ्या अटी घातल्या, त्यांचे मोजमाप करायला न्यायाधीश नेमले, तरीही शेवटचा शब्द सोयीचाच राहिला.

दहशतवादाला बक्षीस मिळते, हा आक्षेप भावनेच्या पातळीवर समजण्यासारखा आहे, पण कालक्रमाने तो टिकत नाही. पॅलेस्टिनी राष्ट्रीय परिषदेने १५ नोव्हेंबर १९८८ रोजी अल्जिअर्स येथे राज्याची घोषणा केली आणि भारताने त्याच महिन्यात, कोणतीही अट न घालता, मान्यता दिली. २९ नोव्हेंबर २०१२ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १३८ विरुद्ध ९ मतांनी पॅलेस्टाईनला बिगर-सदस्य निरीक्षक राज्याचा दर्जा दिला, आणि त्या १३८ मतांत बेल्जियमचे मत होते. ऑक्टोबर २०२३ च्या अकरा वर्षे आधी जे राज्य म्हणून ब्रुसेल्सने एकदा मतदानाने स्वीकारले, ते आता मान्य केल्याने कोणाला कशाचे बक्षीस मिळते? उलट, ज्यांनी १९९३ साली शस्त्राऐवजी वाटाघाटींचा मार्ग पत्करला त्यांना काय मिळाले, हे पाहणे अधिक उद्बोधक आहे. त्या वर्षीच्या ९ सप्टेंबरच्या पत्रव्यवहारात पॅलेस्टाईन मुक्ती संघटनेने इस्रायलचा शांततेत आणि सुरक्षिततेत जगण्याचा हक्क मान्य केला. बदल्यात इस्रायलने त्या संघटनेला पॅलेस्टिनींची प्रतिनिधी म्हणून मान्य केले. एका बाजूने राज्य मान्य केले, दुसऱ्या बाजूने फक्त बोलणी करणारा पक्ष. ही विषमता तीन दशकांत भरून निघाली नाही. जुलै २०२४ मध्ये इस्रायली संसदेने पॅलेस्टिनी राज्याच्या स्थापनेविरुद्धचा ठराव ६८ विरुद्ध ९ मतांनी संमत केला. जॉर्ज विल्हेल्म फ्रीडरिश हेगेल यांनी १८०७ मध्ये मांडलेल्या विचारानुसार मान्यता परस्पर असेल तरच ती पूर्ण होते, कारण ज्याला आपण स्वतंत्र मानत नाही त्याच्याकडून मिळालेली मान्यता आपल्यालाही समाधान देत नाही. इस्रायलला ज्या मान्यतेची आस आहे, ती त्याला समान शेजाऱ्याकडूनच मिळू शकेल. वेढ्यात ठेवलेल्या प्रजेकडून ती मिळणार नाही.

अस्तित्व मान्य, पण पुरावा द्या, या वाक्याचा अर्थ काय होतो, हे कोकणातून इस्रायलला गेलेल्या मराठीभाषक बेने इस्रायलींना अनुभवाने ठाऊक आहे. शतकानुशतके रायगडच्या गावांत तेलाचे घाणे चालवणारा, शनिवारी घाणा बंद ठेवतो म्हणून 'शनवार तेली' म्हणवला जाणारा हा समाज १९४८ नंतर इस्रायलला जाऊ लागला. परतीच्या कायद्याने त्यांना नागरिक म्हणून सामावून घेतले. पण १९६० च्या दशकाच्या आरंभी तेथील धर्मपीठाने असा निर्देश काढला, की बेने इस्रायली व्यक्तीच्या विवाहाची नोंद करण्यापूर्वी तिच्या आईची, आजीची आणि शक्य तितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी करावी. अलिबागच्या किनाऱ्यावरील पणजीचे लग्न कोणत्या विधीने झाले, याचा दाखला जेरुसलेममध्ये कोण आणि कोठून आणणार? त्या समाजाने चौकशीला अधिक चांगली उत्तरे शोधण्याचा मार्ग धरला नाही; त्याने चौकशीच नाकारली, आंदोलन केले, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये इस्रायली संसदेने बेने इस्रायली सर्वार्थाने यहुदी असल्याचे जाहीर केले. एका समाजाची धार्मिक ओळख आणि दुसऱ्या समाजाचे राज्यत्व यांत पुष्कळ अंतर आहे. तरी 'आम्ही आहोत' हे सिद्ध करण्याचा भार आपल्यावर टाकला जाणे हाच मुळात अपमान असतो, हे त्या मराठी यहुद्यांनी ओळखले होते, आणि ते इस्रायलच्या संसदेनेही अखेर ओळखले.

या साऱ्या विवेचनावर एक आक्षेप पॅलेस्टिनींच्याच बाजूने येतो आणि तो सर्वांत गंभीर आहे. मार्टिनिकमध्ये जन्मलेले आणि अल्जीरियाच्या मुक्तिलढ्यात सहभागी झालेले मनोविकारतज्ज्ञ फ्रान्झ फॅनॉन यांनी १९५२ च्या आपल्या ग्रंथात हेगेल यांना उत्तर देताना दाखवून दिले, की वसाहतीतील मालक जेव्हा गुलामाला मान्यता देतो तेव्हा मान्यता देणारा म्हणून त्याचे आसन अढळच राहते; गुलाम मुक्त होतो, पण मुक्तीचा दाता मालकच ठरतो. पॅलेस्टाईनला मान्यता देणाऱ्या युरोपीय राजधान्यांतील समारंभांकडे याच नजरेने पाहणारे पुष्कळ पॅलेस्टिनी आहेत. पश्चिम किनाऱ्यावर वसाहती वाढत असताना आणि गाझा उद्ध्वस्त असताना ब्रुसेल्समध्ये निघणाऱ्या एका कागदाने काय बदलणार, असे ते विचारतात. आक्षेप खरा आहे, परंतु तो विनाशर्त मान्यतेला जितका लागू होतो त्याहून कितीतरी अधिक सशर्त मान्यतेला लागू होतो. अट घालणारा दात्याचे आसन सोडतच नाही. तो ते उंच करतो. विनाशर्त मान्यतेत निदान एवढी शक्यता असते, की मान्यता देणारा आपल्याला काही देण्याचा अधिकार होता हा दावाच सोडून देतो.

आंतरराष्ट्रीय न्यायालयाने या दिशेने दोनदा पुरेसे स्पष्ट बोलून ठेवले आहे. २८ मे १९४८ रोजी दिलेल्या सल्लामतात, संयुक्त राष्ट्रांच्या सदस्यत्वाविषयी मत देताना कोणत्याही सदस्य राज्याने सनदेच्या चौथ्या कलमात नसलेल्या अटी घालू नयेत, असे न्यायालय म्हणाले. १९ जुलै २०२४ च्या सल्लामतात पॅलेस्टिनींचा स्वयंनिर्णयाचा हक्क अविच्छेद्य, म्हणजे कोणालाही काढून घेता न येणारा असल्याने, त्या हक्काचे अस्तित्व ताबा घेणाऱ्या सत्तेच्या अटींवर अवलंबून असू शकत नाही, असे त्याने सांगितले. ज्या अटी ताबेदार सत्तेलाही घालता येत नाहीत, त्या तिसऱ्या राज्याने घालण्याला आधार कोठून येणार, याचे उत्तर बेल्जियमच्या सरकारने दिलेले नाही.

त्याच सल्लामतात इतर सर्व राज्यांवर काही कर्तव्येही सांगितली आहेत: ताब्यातून निर्माण झालेली परिस्थिती कायदेशीर मानू नये आणि ती टिकवण्यास साहाय्य करू नये. बेल्जियमने २ सप्टेंबरच्या त्याच घोषणेत वसाहतींतील मालाच्या आयातीवर बंदीसह इस्रायलविरुद्धच्या काही निर्बंधांची यादी दिली होती, आणि ते श्रेयस्कर आहे. शाही आदेश निघाल्यावर ब्रुसेल्समधील पॅलेस्टिनी शिष्टमंडळाला दूतावासाचा दर्जा देणे, पॅलेस्टाईनशी करार करणाऱ्या समान राज्याच्या नात्याने व्यवहार करणे, युरोपीय संघ आणि इस्रायल यांच्यातील सहकार्य करारातील मानवी हक्कांच्या कलमाचा विचार लावून धरणे, ही कामे उरतील. आणि प्राधिकरणाच्या निवडणुका, पारदर्शक कारभार, निःशस्त्रीकरण यांविषयीचा आग्रहही तेव्हा, एका राज्याने दुसऱ्या राज्याकडे धरावा तसा, धरता येईल.